ढीग कुणाचा, गिऱ्हाईक कोण

बेळगावच्या एपीएमसीत सकाळी टोमॅटोचा डोंगर दिसला, तर त्यावरून काय समजायचं? पीक जोरात आलं असेल. चोर्ला घाटात दरड पडून गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या अडकल्या असतील. नाहीतर गाड्या वेळेवर पोचल्या, पण तिकडे उठावच नसेल. ढीग तोच, कारणं तीन. ढिगाभोवती कितीही फेऱ्या मारल्या तरी यातलं खरं कोणतं ते कळत नाही. त्यासाठी घाटातल्या कुणाला तरी फोन लावावा लागतो.

रक्ताच्या रिपोर्टातला आकडा हा असाच ढीग असतो. ग्लुकोज, युरिया, क्रिएटिनिन, युरिक ॲसिड, बिलिरुबिन, लॅक्टेट ही सगळी चयापचयात तयार होणारी किंवा खर्ची पडणारी लहान द्रव्यं. त्यांना मेटाबोलाइट म्हणतात. गल्लीतल्या लॅबमध्ये त्यांतली दहा-पंधरा मोजली जातात. मास स्पेक्ट्रोमीटर असलेल्या संशोधनाच्या प्रयोगशाळेत चमचाभरापेक्षा कमी रक्तातून शेकडो. या ढिगांवरून हृदयाची भिंत किती जाड, कप्पा किती ताणलेला, पंपिंग कसं, हे ताडता येईल का, यावर गेली पंधरा-वीस वर्षं जगभर काम चाललं आहे. ताडता येतं, पण थोडंच, आणि तेही माल कुठून आला आणि कुठे अडला हे विचारल्यावर.

आधी हृदयाची भूक बघू. वजन साधारण ३०० ग्रॅम, दिवसाला सुमारे १ लाख ठोके, मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त. पेशींतला ऊर्जेचा व्यवहार एटीपी नावाच्या रेणूत चालतो, आणि हृदय दिवसाकाठी जवळपास ६ किलो एटीपी घडवतं आणि मोडतं, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या वीसपट. शिल्लक मात्र काही ठोक्यांपुरतीच. रोजचं आणून रोज शिजवणारं हे बिऱ्हाड आहे, कणगी नाही. पेशीतली जवळपास एक तृतीयांश जागा मायटोकॉन्ड्रियांनी अडवलेली असते, म्हणजे तीन खोल्यांच्या घरात एक अख्खी खोली चुलीचीच.

या चुलीत काय जळतं? ६० ते ७० टक्के ऊर्जा मेदाम्लांतून येते. बाकीची ग्लुकोज, लॅक्टेट, कीटोन (उपाशीपोटी यकृत चरबीतून बनवतं ते जळण) आणि चिमूटभर अमिनो आम्लांतून. समोर येईल ते खाणारं हे इंद्रिय. लॅक्टेटला आपण दमलेल्या स्नायूंचा कचरा समजतो, हृदय मात्र ते आवडीनं उचलतं. हृदयाच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की तोच भाग लॅक्टेट उलट बाहेर टाकायला लागतो. द्रव्य एकच, दिशा उलटी. मेदाम्लांची एक खोट आहे. तेवढीच ऊर्जा काढायला ग्लुकोजपेक्षा साधारण १० टक्के प्राणवायू जास्त लागतो. धडधाकट माणसाला त्याचं काही वाटत नाही. पण हृदय आलेल्या रक्तातला ७० ते ७५ टक्के प्राणवायू एरवीच काढून घेत असतं, त्यामुळे काम वाढलं की आणखी पिळून काढायला फारसं उरलेलं नसतं. प्रवाहच वाढवावा लागतो. नळी चिंचोळी असलेल्या माणसाचं नेमकं तिथेच अडतं.

हे कळलं कसं? दंडातल्या शिरेचं रक्त तपासून नव्हे. हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवून झाल्यावर ते ज्या शिरेत गोळा होतं, तिला कोरोनरी सायनस म्हणतात. १९४० च्या दशकात रिचर्ड बिंग यांनी त्या शिरेत नळी घालून, आत जाणारं आणि बाहेर येणारं रक्त यांतला फरक मोजायला सुरुवात केली. घाटात फोन लावणं म्हणतात ते हे. २०२० मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी ११० रुग्णांमध्ये हेच काम मोठ्या पसाऱ्यानं केलं. धमनी, कोरोनरी सायनस आणि मांडीची शीर अशा तीन जागांचं रक्त आणि २७७ द्रव्यं. उपाशीपोटी असताना हृदय मेदाम्लं भरपूर घेत होतं आणि ग्लुकोज जवळजवळ शिवतही नव्हतं. पंपिंग कमी झालेली हृदयं कीटोन आणि लॅक्टेट जास्त उचलत होती, आणि त्यांच्यातून अमिनो आम्लं जास्त बाहेर पडत होती, म्हणजे स्वतःचीच प्रथिनं मोडली जात होती. पायाच्या स्नायूंची देवघेव हृदयापेक्षा वेगळीच निघाली. लॅबमधला मुलगा दंडाला रबर बांधून जे रक्त काढतो, त्यात या सगळ्यांची मिसळ असते.

आता दुसऱ्या बाजूला येऊ, इकोकडे, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीकडे. सीमाभागात माणसाचा इको एकदा बेळगावात होतो, पुढचा कोल्हापूरला किंवा मिरजेला, तिसरा मुलगा नोकरीला असेल तिथे. रिपोर्ट इंग्रजीत, गोळ्यांच्या पाकिटावरची खूण कधी कन्नडमध्ये, आणि घरी सांगायचं मराठीत. त्या उतरंडीत ‘हार्ट मोठं झालंय’ एवढंच शेवटी उरतं. मोठं होणं दोन तऱ्हांचं. रक्तदाब वर्षानुवर्षं चढा राहिला की भिंत आतल्या बाजूला जाड होत जाते. कप्पा तेवढाच राहतो, कधी लहानही होतो. झटक्यानंतर, दारूनं किंवा स्नायूच्या आजारानं कप्पा फुग्यासारखा ताणला जातो आणि भिंत पातळ पडते. पहिल्यात पंपिंग ६० टक्के असूनही जिना चढताना दम लागतो. दुसऱ्यात ३० वर येतं. कप्प्यात ८० मिलिलिटर रक्त मावत असेल तर त्याचे ६० टक्के म्हणजे ठोक्याला ४८ मिलिलिटर, आणि १२० मावत असेल तर ७२. ‘पंपिंग नॉर्मल’ हे शब्द ऐकून निर्धास्त होण्याआधी टक्के कशाचे, ते बघायला हवं.

मोजमापात चूक कुठे शिरते, तेही पाहण्यासारखं आहे. डाव्या कप्प्याचं वजन काढायला कप्प्याचा व्यास आणि दोन्ही भिंतींची जाडी मिळवून तिचा घन करतात, त्यातून व्यासाचा घन वजा करतात, उरलेल्याला १.०४ आणि ०.८ नं गुणतात आणि ०.६ मिळवतात. व्यास ४.८ सेंटिमीटर आणि भिंती १-१ सेंटिमीटर असतील तर उत्तर येतं साधारण १७० ग्रॅम. हाच माणूस दुसऱ्या मशीनवर गेला, कर्सर जरा बाहेरच्या रेषेवर ठेवला गेला आणि भिंती १.१ मोजल्या, तर १९४. एक मिलिमीटरच्या फरकानं २४ ग्रॅम, कारण चूकही घनात वाढते. माणूस ६० किलो वजनाचा आणि १६३ सेंटिमीटर उंचीचा असेल, तर त्याच्या अंगाचं क्षेत्रफळ १.६५ चौरस मीटर. कप्प्याच्या वजनाला त्यानं भागलं की पहिल्या दिवशी १०३ आणि दुसऱ्या दिवशी ११८. पुरुषांसाठी जाडीची रेषा ११५ वर आहे, बायकांसाठी ९५ वर. म्हणजे शुक्रवारी निरोगी असलेला माणूस सोमवारी ‘एलव्हीएच’, म्हणजे डाव्या कप्प्याची भिंत जाड, असा शिक्का घेऊन घरी. पंपिंगच्या टक्क्यातही दोन हातांत पाच-दहा अंकांचा फरक सहज पडतो. ५५ चं ५० झालं म्हणून झोप उडवून घेऊ नये. जमेल तर इको त्याच मशीनवर, त्याच हाताचा घ्यावा, आणि रक्तदाब किती असताना काढला ते कागदावर लिहून घ्यावं.

इकोत आणखी दोन गोष्टी वाचायच्या असतात, ज्यांच्याकडे नातेवाईक सहसा बघत नाहीत. डावा वरचा कप्पा अंगाच्या क्षेत्रफळाच्या मानानं ३४ मिलिलिटरपेक्षा मोठा आहे का, आणि ई बाय ई-प्राइम हा आकडा १४ च्या वर आहे का. भिंत कडक झाली आणि आतला दाब वाढला की हे दोन्ही चढतात, पंपिंग ६० टक्के असलं तरी. ढिगांशी जोडी लावताना मला तरी पंपिंगच्या टक्क्यापेक्षा हे दोन आकडे जास्त बोलके वाटतात.

आता जोड्या, रक्तातल्या द्रव्यांच्या आणि हृदयाच्या. ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन ही तीन अमिनो आम्लं शरीराला बनवता येत नाहीत. डाळ, दूध, मांस अशा अन्नातूनच येतात. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या पाहणीतून २०११ मध्ये असं दिसलं, की ज्यांच्या रक्तात ही तीन आणि सोबत टायरोसीन, फेनिलॲलनीन चढलेली होती, त्यांच्यात मधुमेह जास्त निघाला. रक्त घेतल्यानंतर १२ वर्षांपर्यंतच्या काळात. मधुमेहात डाव्या कप्प्याची भिंत आकाराच्या मानानं जाड आणि कप्पा लहान होतो हे वेगळं माहीत होतंच. दोन टोकं जुळली आणि घाईघाईत सल्ला निघाला, की डाळ कमी करा.

जरा थांबू. हृदय आपल्या ऊर्जेतला अगदी नगण्य हिस्सा या आम्लांतून काढतं. रक्तात ती साचतात ती बहुधा चरबी आणि यकृत यांनी त्यांना जाळण्याचा वेग कमी केल्यामुळे, इन्सुलिनचं ऐकेनासं झाल्यामुळे. माल येणं वाढलेलं नसतं, गिऱ्हाईक आटलेलं असतं. प्रयोगशाळेतल्या उंदरांत या आम्लांच्या ज्वलनावरचा ब्रेक औषधानं सोडवला तर हृदय सुधारलं. सगळ्यांना वाटलं, हृदयाची चूल पेटली. २०२२ मध्ये पुढचा छडा लागला. हृदयाबाहेरच्या ज्वलनानं रक्तदाब उतरला होता, आणि दाब उतरल्यामुळे हृदयाला बरं वाटलं होतं. खानापुरात भाव पडला म्हणून कारण खानापुरातच शोधत बसावं, आणि अडथळा घाटात निघावा, तसलाच प्रकार. उसळीची वाटी ताटातून काढण्याचं कारण यात कुठेही नाही. भाकरीबरोबर उसळ हवीच.

ॲसिलकार्निटिन नावाची दुसरी टोळी हृदयाच्या जास्त जवळची. लांब मेदाम्लाला चुलीच्या खोलीत शिरायला कार्निटिनचा हात धरावा लागतो. आत गेल्यावर ते दोन-दोन कार्बनच्या तुकड्यांनी कापलं जातं. कापणी मध्येच थांबली, प्राणवायू अपुरा पडला किंवा मायटोकॉन्ड्रिया थकले, की अर्धवट कापलेले तुकडे कार्निटिनला चिकटून बाहेर गळतात. धुराड्यातून धूर येतोय, म्हणजे लाकूड नीट पेटलेलं नाही. पंपिंग कमी असलेल्या रुग्णांत १६ आणि १८ कार्बनचे लांब तुकडे जास्त सापडतात. पण उपास लांबला तरी यांची पातळी बदलते, आणि धूर कुणाच्या चुलीचा, यकृताच्या की पायाच्या की हृदयाच्या, ते दंडातल्या रक्तावरून सांगता येत नाही.

उपासाचा विषय आलाच आहे. ‘उद्या उपाशीपोटी या’ असं सांगितलं की आपल्याकडे अर्ध्या माणसांच्या कानात ‘उपास’ एवढंच शिरतं. मग साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे, एखादं केळं खाऊन माणूस हजर. दुसऱ्या तऱ्हेचा म्हणतो, ‘काही खाल्लं नाही की, नुसता चहा तेवढा.’ त्या चहात दूध आणि दोन चमचे साखर. तिसरा आदल्या दिवशीच्या दुपारच्या जेवणानंतर काही न खाता, पाणीही न पिता सोळा-अठरा तासांनी येतो आणि त्याची मेदाम्लं आणि कीटोन भलतीकडे गेलेली असतात. हवे असतात १० ते १२ तास, आणि साधं पाणी प्यायचंच असतं. पाणी न प्यायल्यानं युरिया, युरिक ॲसिड दाट दिसतात, शिवाय शीर सापडत नाही.

मग दंड. रबर एक मिनिटाच्या आत सुटलं पाहिजे. शीर वर यावी म्हणून ‘मूठ उघडा, मिटा’ असं सांगायची जुनी सवय अजून मोडलेली नाही. त्यानं पोटॅशियम आणि लॅक्टेट चढतात, आणि हृदयाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाचं पोटॅशियम उगीचच चढलेलं दिसलं की चांगली गोळी बंद होते. सुईतून रक्त जोरानं ओढलं की पेशी फुटतात, नमुना लालसर होतो, आतलं पोटॅशियम बाहेर. असा नमुना टाकून पुन्हा घ्यावा. नमुना घेणारा पोरगा ‘चालतंय की, अण्णा’ म्हणाला तरी.

त्यानंतर वेळ. रक्त नळीत गेलं तरी पेशी जिवंत असतात आणि ग्लुकोज खात राहतात, तासाला ५ ते ७ टक्के. जांबोटी किंवा कणकुंबीच्या शिबिरात सकाळी ७ ला घेतलेलं रक्त साध्या नळीतून ११ ला बेळगावच्या लॅबमध्ये पोचलं, तर ११० ची साखर ८५ च्या आसपास दिसते आणि लॅक्टेट वाढलेलं असतं. माणूस खूश, आणि मधुमेहाच्या आधीची पायरी वर्षभर झाकलेली. फ्लोराइड घातलेली राखाडी टोपीची नळी याचसाठी असते. मात्र तिचा अंमल पूर्ण बसायला एक-दोन तास जातात, कारण फ्लोराइड साखर फोडणाऱ्या साखळीची शेवटाकडची कडी धरतं, वरच्या कड्या थोडा वेळ चालूच राहतात. नळी बर्फाच्या पाण्यात ठेवून अर्ध्या तासात यंत्रात गरगर फिरवून पेशी वेगळ्या काढणं उत्तम. पोटॅशियमची नळी मात्र बर्फात घालू नये, थंडीत ते उलट वाढतं. मेटाबोलाइटांच्या संशोधनाचे नमुने तर फिरवल्यावर उणे ८० अंशांत जातात, आणि एकदा वितळलेला नमुना पुन्हा गोठवून वापरला की आकडे घसरतात. खेड्यातल्या शिबिरात लोडशेडिंग असतं, हे परदेशी कार्यपद्धतीच्या कागदात लिहिलेलं नसतं.

आणि हे सगळं नीट झालं तरी गणित उरतंच. ५०० द्रव्यांची इकोच्या एका मापाशी जोडी लावली आणि नेहमीची ०.०५ ची (शंभरात पाच योगायोग चालवून घेणारी) रेषा धरली, तर नुसत्या योगायोगानं २५ जोड्या ‘लागतात’. त्यासाठी रेषा ०.०००१ वर न्यावी लागते, आणि तरीही दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या माणसांत तीच जोडी पुन्हा दिसावी लागते. वर्तमानपत्रात ‘रक्तातल्या नव्या द्रव्यानं ओळखा हृदयविकार’ असा मथळा दिसला की आधी हे विचारावं: किती द्रव्यं मोजली होती?

जोडी पक्की असली तरी ती कारण असेलच असं नाही, याचे दोन धडे महागात मिळालेले आहेत. पहिला होमोसिस्टीनचा. रक्तात ते जास्त असलेल्यांना झटके जास्त, हे पक्कं. बी-१२ आणि फोलिक ॲसिड दिलं की ते उतरतं, हेही पक्कं. २००६ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. होमोसिस्टीन उतरलं, झटके मात्र कमी झाले नाहीत. तरीही ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजात हा आकडा ठळक लाल होऊन येतो आणि माळकरी घरातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. शाकाहारी माणसात बी-१२ कमी असणं नेहमीचं, आणि ते भरून काढायलाच हवं, पायांच्या मुंग्या आणि रक्तक्षय यांसाठी. हृदयाच्या भीतीनं नव्हे.

दुसरा युरिक ॲसिडचा. हृदय निकामी होत जाणाऱ्यांत ते चढतं. एटीपी मोडून पुन्हा जुळला नाही की शेवटी त्याचं युरिक ॲसिड होतं, हे खरं. पण पाणी काढणाऱ्या गोळ्यांनी ते चढतं, मूत्रपिंडाला रक्त कमी पडलं तरी चढतं. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत, हृदयाला रक्त कमी पडणारे आणि गाउट नसलेले साठीपुढचे रुग्ण निवडून त्यांना युरिक ॲसिड उतरवणारं ॲलोप्युरिनॉल देऊन पाहिलं. हृदयाच्या बाबतीत फायदा शून्य. गाउटच्या सांधेदुखीसाठी ती गोळी चांगलीच आहे, तो प्रश्न वेगळा.

टीएमएओ नावाच्या द्रव्याचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. अंड्याच्या बलकातलं कोलीन आणि मटणातलं कार्निटिन आतड्यातल्या जिवाणूंच्या हाती लागतं, ते त्याचं एक माशाच्या वासाचं द्रव्य करतात, यकृत त्याचं टीएमएओ करतं आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. क्लीव्हलँडच्या संशोधकांनी २०११ मध्ये याचा हृदयविकाराशी संबंध दाखवला. पण समुद्राच्या माशात टीएमएओ मुळातच तयार असतं. कारवारहून आलेला बांगडा रात्री खाल्ला तर ते काही तास कितीतरी पटींनी वाढतं, आणि मासे खाणाऱ्यांना त्यामुळे हृदयविकार जास्त होतो असं तर दिसत नाही. उलट हृदय मंदावलं की मूत्रपिंड मंदावतं आणि टीएमएओ साचतं. निपाणी-चिकोडीकडे तांबड्या-पांढऱ्या रश्शावर बंदी घालायची असेल तर तेलाच्या तवंगाचं, मिठाचं आणि वाट्यांच्या संख्येचं कारण पुरेसं आहे. टीएमएओची साक्ष काढायची गरज नाही.

निपाणीचा उल्लेख निघाला की तंबाखू टाळता येत नाही. इथली जोडी मात्र स्वच्छ आहे. निकोटीन शरीरात शिरलं की त्याचं कोटिनीन होतं. निकोटीन दोन तासांत निम्मं होतं, कोटिनीनला सोळा-अठरा तास लागतात, म्हणून कालची तंबाखू आज रक्तात सापडते. आणि ते फक्त ओढणाऱ्याच्याच नाही. ओल्या पानांना हात लावणाऱ्याच्या कातडीतून, वखारीतल्या धुळीतून निकोटीन आत जातं. ते ॲड्रेनॅलिन सोडवतं, ॲड्रेनॅलिन चरबी फोडून मेदाम्लं रक्तात ढकलतं, नाडी वाढते, रक्तदाब वाढतो. म्हणजे एकीकडे जास्त प्राणवायू खाणारं इंधन पुढ्यात, दुसरीकडे आखडलेल्या रक्तवाहिन्या. ‘आम्ही विडी ओढत नाही, नुसती वळतो’ असं सांगणाऱ्या मावशींचा रक्तदाब मोजताना हे ध्यानात असलेलं बरं.

आणखी एक भाबडं वाक्य वारंवार ऐकू येतं: ‘तेल-तूप आम्ही खातच नाही, मग ट्रायग्लिसराइड ३०० कसं?’ दोन वेळचा भरपूर भात, चार कप गोड चहा, संध्याकाळी चिरमुरे, सणाला कुंदा आणि मांडे. पिठूळ आणि गोड जास्त झालं की यकृत त्याचीच चरबी करून रक्तात सोडतं. ढीग तेलाचा दिसतो, माल आलेला असतो साखरेचा.

सगळ्या जोड्यांत उपयोगाला आलेली एक कीटोनची म्हणता येईल, आणि तीही सरळ वाटेनं आली नाही. सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन काढलं गेलं. ते लघवीवाटे साखर सोडवतं. त्या कुळातल्या एम्पाग्लिफ्लोझिनच्या चाचणीचा निकाल २०१५ मध्ये आला, औषध मधुमेहाचं. हृदयाच्या कारणानं होणारे मृत्यू ३८ टक्के कमी, हृदय निकामी होऊन भरती होणं ३५ टक्के कमी. साखर तर थोडीच उतरली होती. २०१९ मध्ये डापाग्लिफ्लोझिननं मधुमेह नसलेल्या, पंपिंग कमी असलेल्या रुग्णांतही फायदा दाखवला. ही औषधं रक्तातले कीटोन थोडे वाढवतात आणि थकलेलं हृदय कीटोन आवडीनं खातं, म्हणून ‘हृदयाला स्वस्त जळण मिळालं’ ही उपपत्ती लोकप्रिय झाली. आकर्षक आहे. पण मीठ-पाणी बाहेर पडणं, मूत्रपिंडाला आराम, पेशीतल्या सोडियमचं गणित असे इतरही दावेदार आहेत, आणि केवळ कीटोननं एवढा फायदा होईल असं मला वाटत नाही.

ही गोळी घेणाऱ्यानं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. निर्जळी एकादशी, उलट्या-जुलाब, ऑपरेशनच्या आधीचा उपास या काळात कीटोन बेसुमार वाढून रक्त आंबट होऊ शकतं, आणि साखर २०० च्या आत असल्यानं कुणाला संशय येत नाही. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर ग्लुकोमीटरवर विसंबू नये, कीटोन तपासावेत. ठरलेल्या ऑपरेशनआधी साधारण तीन दिवस गोळी थांबवतात. एकादशीचं डॉक्टरांना आधी विचारावं, देव रागावत नाही.

शेवटी एक जोडी अशी, जिच्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. समजा, पंपिंग ३५ टक्के असलेले एक आजोबा. पायाला सूज, रात्री दोन उशा. एनटी-प्रोबीएनपी ४००० पिकोग्रॅम. हा मेटाबोलाइट नव्हे, भिंत ताणली की हृदयच सोडतं तो प्रथिनाचा तुकडा. बाहेरच्या तपासणीत १२५ च्या आत असला तर हृदय निकामी असण्याची शक्यता फार कमी, मात्र जाड माणसात तो फसवा कमी आणि म्हातारपणी, मूत्रपिंडाच्या आजारात फसवा जास्त. बिलिरुबिन २.१, कावीळ नसताना, कारण उजव्या बाजूनं रक्त तुंबून यकृत फुगलेलं. क्रिएटिनिन १.५. पाणी काढायची गोळी वाढवल्यावर पंधरा दिवसांनी वजन ४ किलो उतरलं, प्रोबीएनपी १८००, बिलिरुबिन १.१, क्रिएटिनिन १.६, युरिक ॲसिड ७ चं ८.५. रिपोर्टावर लाल खुणा पहिल्याइतक्याच आणि इकोत पंपिंग तेच, ३५. घरचे म्हणतात, ‘काहीच फरक नाही, उलट किडनी गेली.’ आजोबा मात्र एका उशीवर झोपायला लागलेले. क्रिएटिनिनची ही एवढीशी चढ आणि युरिक ॲसिडची वाढ गोळीची आहे, बिलिरुबिनची उतरण यकृत मोकळं झाल्याची. कप्पा आकसायला औषधं चालू ठेवून तीन ते सहा महिने लागतात, त्याआधी इको पुन्हा करून पैसे घालवू नयेत. तोवर रोज सकाळी, लघवी करून, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करून कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचं. तीन दिवसांत २ किलोपेक्षा जास्त चढलं, तर तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे.